निळ्या काठाचा मासा

आमच्या घराण्यात मासा शिरला तो ताटातून नाही, पोहत शिरला. त्याला आत घेतलं आमच्या ह्यांनी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर सुरुवातीला त्यांनी पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. त्या संपल्यावर माझ्या स्वयंपाकातल्या काढायला लागले. तेव्हा मी म्हणाले, "अहो, एखादा छंद लावून घ्या." मला वाटलं, बासरीबिसरी शिकतील. त्यांनी विश्रांतवाडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये समुद्र आणून ठेवला.

समुद्र म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिचं मीठ वेगळं, दिवे वेगळे, पंप वेगळा, आणि तो पंप दिवसभर घुर्र करणार. ज्या माणसाने नोकरीत असेपर्यंत कधी आमटी आळणी की खारट हे ताटावरून उठेपर्यंत सांगितलं नाही, तो आता थेंबभर पाणी काचपट्टीवर घेऊन एका नळीतून त्याचा खारटपणा बघत बसायचा. मी म्हणाले, "एवढं लक्ष आमटीत घातलं असतंत तर!" ते म्हणाले, "आमटीत कोणी राहत नाही."

माझं स्वतःचं दुकान आहे, मंडईजवळच्या गल्लीत. मॅचिंग सेंटर. पुण्याबाहेरच्या पुरुषमंडळींना कदाचित कळणार नाही म्हणून सांगते. बाई साडी घेऊन येते आणि तिला त्या रंगाचा ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल हवा असतो. त्या रंगाचा म्हणजे त्याच रंगाचा, साधारण त्याच्यासारखा नव्हे. आमच्याकडे जगात लाल नावाचा रंग नाही. डाळिंबी आहे, कुंकवाचा आहे, राणी आहे, गुलबक्षी आहे, आमसुली आहे. भिंतभर टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे, तागे लावलेले असतात आणि बाईने पिशवीतून साडीचा नुसता कोपरा बाहेर काढला की माझा हात आपोआप त्या ताग्याकडे जातो. सासूबाईंनी मला ह्या धंद्याचे दोनच नियम शिकवले. ट्यूबच्या उजेडात रंग ठरवायचा नाही, कापड घेऊन दाराशी जायचं. आणि दोन कापडं शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बायका आपल्या सुनांना सांगतात, तिथे जा, त्या बाईंचा डोळा आहे. दागिने, जमीनजुमला माझ्याकडे फारसा नाही. डोळा आहे, आणि त्याचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ह्यांच्या निवृत्तीला मी त्यांना कुर्ता घेतला होता, तोही त्याच डोळ्याने. राखाडी, सभ्य, चार लोकांत शोभेल असा. ह्यांना रंगातलं ओ की ठो कळत नाही. लग्नाच्या वेळी माझा शालू कोणत्या रंगाचा होता विचारलं तर "साडीच्या" असं सांगतील. पण कुर्ता त्यांना आवडला असावा, कारण ते तो सारखे घालायला लागले. माझ्या भाच्याच्या लग्नात तर माझा भाऊ लांबून ओरडला, "वा भावोजी, काय रंग!" आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला फार बरं वाटलं.

माशांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती नाइलाजाने. कॅम्पातल्या एका गल्लीत तळमजल्यावर लांबट, अंधारं दुकान होतं आणि दोन्ही बाजूंना टाक्या. दुकान चालवणारी पस्तिशीची बाई मूळची यवतमाळची. हिंजवडीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिने हा संसार मांडला होता. "या ना काकू, बसा," म्हणत तिने मला स्टूल दिलं. मी बसलेच नाही. समोरच्या मोठ्या टाकीतून एक मासा आडवा वळला आणि मी स्टुलाला हात लावून तशीच उभी राहिले.

अगं बाई! काय सांगू! बशीएवढा मासा, गडद अंगाचा, आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळ्या रेघा ओढलेल्या. रेघा तरी कशा, एकीचीही दुसरीशी गाठ नाही, एकीचाही तोल गेलेला नाही. डोळ्यांवरून काळा पट्टा, चोराने रुमाल बांधावा तसा. शेपूट पिवळीधमक. एवढी वर्षं मी कापड बघतेय, येवल्याचं बघितलंय, कांचीपुरमचं बघितलंय, पण पहिल्यांदा मनात आलं की हे कोणी विणलं? मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. यवतमाळकरीण खूश झाली. "एंपरर आहे काकू, एंजलफिशमधला. तुमाले आवडला न?"

हे काचेला नाक लावून उभे होते. पंपांच्या आवाजात ते मला म्हणाले, "एंजलफिश ओळखायचा तर आधी काटा बघायचा."

मी ऐकलं काठ. साहजिकच आहे, माझा जन्म काठ बघण्यात गेलाय. म्हटलं, "बघतेय की. पाठीवरचा बारीक आहे, खालचा जरा भरला आहे."

"खाली कुठे? गालावर बघ."

"गालावर कसला काठ?"

"गालावरच असतो. टोकदार असतो, हाताला लागतो."

"अहो, काठ टोकदार कसा असेल? जरीचा आहे का?"

दुकानवाली तोंडाला ओढणी लावून हसत होती. मग तिने समजावलं. एंजलफिशच्या कल्ल्याच्या झाकणाला, म्हणजे गालाच्या खालच्या कोपऱ्यात, एक काटा असतो. शेजारच्या टाकीत तसेच चपटे, तसेच नटलेले बटरफ्लायफिश होते, पण त्यांचा गाल गुळगुळीत. काटा असेल तर एंजल, नसेल तर दुसरं कोणी. "आणि एंजलमधला कोणता हे कशावरून?" मी विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ते मात्र तुमच्या काठावरूनच पाहाव लागते काकू."

झालं! मला दुसरं काय पाहिजे होतं? काटा सांगतो घराणं, काठ सांगतो नाव. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मीच जास्त बोलत होते.

मग आमचा खेळच सुरू झाला. दुपारच्या चहाला हे फोनवर एखाद्या एंजलचं चित्र उघडायचे, नावावर अंगठा ठेवायचे आणि मी ओळखायची. इंग्रजी नावं मला आधी लक्षात राहत नसत, म्हणून मी माझी ठेवली. केशरी अंगावर काळ्या काठाच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्या असलेला रीगल तो माझा 'पट्टेवाली'. लालभडक केशरी अंगावर चार-पाच काळे उभे फराटे ओढलेला फ्लेम तो 'विस्तव'. हे परीक्षकासारखे बसायचे आणि मी बिस्किट बुडवायच्या आत उत्तर द्यायची. बिस्किट चहात पडून विरघळून जाई, पण उत्तर चुकत नसे.

एकदाच मात्र मी त्यांच्याशी खरं भांडले. चित्र होतं एका छोट्या माशाचं. काळपट अंग आणि त्यावर पांढरी वर्तुळं, एकात एक, एकात एक, शेपटीकडे गोळा होत गेलेली. मी म्हणाले, हा नवीन आहे, हा आपण बघितलेला नाही. हे म्हणाले, "एंपरर." मी म्हणाले, "डोकं फिरलंय का तुमचं? एंपररच्या आडव्या रेघा असतात. गोल आणि आडवं यातला फरक मला शिकवू नका." अंगठा काढला तर खरोखर एंपरर! पोरवयात त्याच्या अंगावर वर्तुळं असतात आणि वाढत गेला की ती वर्तुळं मोडून पिवळ्या रेघा उमटतात. मला हे पटेना. मी जेवण करता करता पुन्हा फोन मागून घेतला. परकर-पोलक्यातली मुलगी एक दिवस नऊवारी नेसून समोर उभी राहावी आणि आपण तिला "कोण हवंय?" विचारावं, तशी माझी गत झाली होती. त्यातही आणखी गंमत अशी, की कोरान नावाच्या दुसऱ्या एका एंजलचं पिल्लूही असंच काळं-पांढरं असतं. वर्तुळ पूर्ण बंद झालं तर एंपरर, कंसासारखं उघडं राहिलं तर कोरान. हे मला कळलं तेव्हा मी आनंदाने टाळी वाजवली. दुकानात गिऱ्हाईक बाई बिल होण्याची वाट बघत असायची आणि मी तिला बंद वर्तुळ आणि उघडं वर्तुळ समजावत असायची.

या सगळ्या आनंदात एकच खडा होता. माझ्या दुकानातून कापडं परत येत होती.

आधी एक आली, मग दुसरी. एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी पिशवीतून नेव्ही ब्लू साडी काढली, मी दिलेला पीस काढला आणि दोन्ही माझ्या काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले. माझाच नियम माझ्यावर. "हा काळा आहे हो," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "घरच्या बल्बमध्ये बघितलंत ना? म्हणूनच तसं दिसतंय." त्या पैसे परत घेऊन गेल्या. पुढे कोणीतरी पांढऱ्या साडीवर मी दिलेला मोतिया पीस परत आणला. मी दुकानातले दिवे बदलून घेतले. हल्ली रंगारी नीट रंगवत नाहीत म्हणून घाऊकवाल्याला फोनवर झापलं. पण तागे लावताना मनात शंकेची पाल चुकचुकायची. डोळा गेला तर ह्या दुकानात माझं काय काम? कापड तर कोणीही फाडून देईल.

ह्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. पण चहाच्या खेळात एकदा त्यांनी बायकलर नावाचा मासा काढला. मी लगेच म्हणाले, "पुढचा अर्धा पिवळा, मागचा अर्धा काळा. हाफ अँड हाफ साडी."

"काळा?" ते म्हणाले.

"मग काय? आंधळी आहे का मी?"

त्यांनी फोन जरा जवळ घेऊन बघितला, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा गार होतोय."

काही दिवसांनी ते म्हणाले की टाकीत एक एंजल आणायचा आहे, लहानसा, आणि तो तूच निवडायचास. मला कोण आनंद! मी चांगली इस्त्रीची साडी नेसून निघाले. ह्यांनी तो राखाडी कुर्ता घातला. यवतमाळकरीण आमची वाटच बघत होती. तिने टाकीच्या आत दोन पारदर्शक डबे अडकवून ठेवले होते, अगदी शेजारी-शेजारी, आणि प्रत्येकात एकेक पिवळाजर्द मासा.

"काकू, यातला एक लेमनपील आहे," ती म्हणाली. "लिंबाच्या सालीवानी पिवळा, पण त्याच्या डोळ्याभोवती निळं कडं असते, गालावर निळी रेघ आणि पंखांना निळा काठ. दुसरा आहे तो नुसता पिवळा. काकांले निळ्या काठाचा पाहिजे. आता तुम्ही सांगा कोणता तो."

मी पदर खोचला आणि वाकले. डावा बघितला. पिवळा. उजवा बघितला. पिवळा. पुन्हा डावा. डोळा काळा, गाल पिवळा, पंख पिवळे. उजव्याचंही तसंच. पण मंडईच्या गल्लीत एवढी वर्षं बसलेली बाई गप्प कशी राहील? मी उजव्याकडे बोट करून म्हणाले, "हा."

दुकानवाली पटकन बोलून गेली, "अवं काकू, निळा तर डाव्याले आहे! इतका दिसून राहिला ना."

"इथे काय दिसणार?" मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "तुमचे हे निळे दिवे! निळ्या दिव्यात निळा काठ दिसतो का कधी? रंग बघायचा असेल तर उजेडात आणा."

आता मासा कोणी दारात आणतं का? पण त्या मुलीने आणला. दोन्ही डब्यांत पाणी होतंच. तिने एक ह्यांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि दुकानाच्या दाराशी, फुटपाथच्या पायरीवर, भर दुपारच्या उन्हात दोन्ही डबे माझ्यासमोर शेजारी-शेजारी धरले. पाणी चमचम करत होतं. एक रिक्षावाला थांबून बघायला लागला.

माझे दोन्ही नियम पाळले गेले होते. दाराचा उजेड होता, दोन्ही नग शेजारी होते, आणि मला दोन पिवळे मासे दिसत होते.

रिक्षावाला म्हणाला, "डावीकडच्याच्या डोळ्याला काजळ घातलंय जणू, निळं." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

ह्यांनी दुकानवालीला डबा परत दिला आणि हळूच म्हणाले, "दोन्ही असू देत इथेच. कोणाला देऊ नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, चहा घेऊ."

इराण्याकडे बसल्यावर मी रडले. सांगायला लाज कसली? कपात बघून रडले. ह्यांनी तेव्हा सांगितलं की दोन्ही मासे त्यांनी मुद्दाम मागवले होते. बायकलरच्या निळ्या अर्ध्याला मी काळा म्हणाले तेव्हाच त्यांना कळलं होतं, आणि विस्तवाच्या पंखांची निळी टोकंही मी ओळखताना कधी सांगितली नव्हती. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?" मी म्हणाले. ते म्हणाले, "तू माझं ऐकलं असतंस? रंगाच्या बाबतीत?" नसतं ऐकलं. "म्हणून म्हटलं, तुझ्याच पद्धतीने बघू. शेजारी-शेजारी."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकत आलाय," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "आंबा आहे का?" मग त्यांनी नीट सांगितलं. डोळ्याची आतली काच हळूहळू पिवळट, तपकिरी होत जाते. निळा, जांभळा रंग तिच्यातून नीट येतच नाही. पांढरा पिवळसर दिसतो. रोज थोडं थोडं होतं, म्हणून माणसाला कळत नाही. मला पांढऱ्या साडीवरचा मोतिया पीस आठवला. मोती माझ्या डोळ्यातच होता, आणि मी रंगाऱ्याला झापत होते.

"रंग परत येतील?" मी विचारलं. मला फक्त तेवढंच विचारायचं होतं. वाचता येईल का, सुईत दोरा ओवता येईल का, ते गेलं उडत.

"येतील," त्या म्हणाल्या. "उलट पहिले काही दिवस निळा जरा जास्तच वाटेल."

येतील म्हणाल्या, तरी माझा विश्वास बसेना. लोकांचे रंग येत असतील. कैरीचा हिरवा आणि पोपटी यातला केसाएवढा फरक, तो परत येईल का, हे त्या बाईंना काय ठाऊक? मी दुकान बंद ठेवलं. ह्यांनी शटरवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, "मालकिणीचे डोळे दुरुस्तीला दिले आहेत. तोपर्यंत जुनेच ब्लाउज वापरावेत." मी चिडले, पण शेजारच्या भांडीवाल्याने सांगितलं की लोक थांबून फोटो काढत होते.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं आधी झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. आधी सगळं धुरकट, मग धूर विरला, आणि समोर पलंगावरची चादर होती. पांढरी! मोतिया नाही, श्रीखंडी नाही, पांढरीशुभ्र, नुकत्याच निळीतून काढलेल्या धोतरासारखी. मी डावा डोळा उघडला, उजवा झाकला. चादर चहात बुडाली. उजवा उघडला. पुन्हा पांढरी. मी असं कितीदा केलं कोण जाणे. नर्स म्हणाली, "आजी, डोळ्याला ताण देऊ नका." आजी म्हणाली म्हणून एरवी मी तिला सोडलं नसतं, पण त्या दिवशी सगळ्यांना सगळं माफ होतं.

घरी आल्यावर सोसायटीच्या फाटकाशी मी थांबलेच. सुक्या कचऱ्याचा डबा! अहो, इतका निळा! रोज त्याच्याशेजारून जायची, कधी मान वळवून बघितलं नव्हतं. मी काळा चष्मा कपाळावर ढकलून त्या डब्याकडे बघत उभी राहिले, तर वॉचमनला वाटलं की काही हरवलंय. वर पाहिलं तर आळंदी रस्त्यावर आकाश पसरलेलं, धुऊन पिळून वाळत घातल्यासारखं. मी ह्यांना म्हणाले, "अहो, हे रोज असंच असतं?" ते म्हणाले, "बहुतेक. मला रंगातलं कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी बाहेर जायला परवानगी दिली त्याच दिवशी मी साडी नेसून तयार. "आधी दुकान उघडायचं ना?" ह्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आधी मासा." परीक्षा तिथे बुडाली होती, तिथेच द्यायची. निळा कचऱ्याचा डबा कोणालाही दिसेल, मला निळा काठ दिसायला हवा होता. नाही दिसला तर शटरवरची पाटी बदलावी लागणार होती.

यवतमाळकरणीने दोन्ही मासे जपून ठेवले होते. "तोंड फिरवा काकू," म्हणत तिने डब्यांची जागा अदलाबदल केली की नाही ते मला कळू दिलं नाही. मग म्हणाली, "पाहा आता."

मी चष्मा काढला. वाकले. डाव्या डब्यात पिवळा मासा, सोवळ्यातल्या पितांबराइतका पिवळा, आणखी काही नाही. उजव्या डब्यात...

"अगं बाई गं!"

डोळ्याभोवती निळं कडं होतं. इतकं बारीक, इतकं नेमकं, की सगळ्यात बारीक कुंचल्यानेही कोणी काढू शकणार नाही. गालाच्या कडेने निळी रेघ खाली उतरलेली आणि तिच्या टोकाशी तो काटा, तोही निळा! पाठीवरच्या पंखाला निळा काठ, खालच्याला निळा काठ, अगदी शेवटपर्यंत, कुठे तुटलेला नाही. मासा वळला की काठ चमकायचा. मी उजवा डोळा झाकला, काठ गेला. उघडला, काठ आला. मी त्या मुलीचे दोन्ही हात धरून तिला गदागदा हलवलं. "उजव्या डब्यात! उजव्या डब्यात! रामा नाही, मोरपिशी नाही, अस्सल निळा! मला दिसतोय!" ती पण ओरडली, "जमलं काकू, जमलं!" दोघी हसत होतो, आणि घराणं सांगणारा काटा, नाव सांगणारा काठ, दोन्ही आता मला दिसत होते.

मी ह्यांना सांगायला वळले. ते नेहमीसारखे दोन पावलं मागे उभे होते, हात पाठीशी बांधून, तोच राखाडी कुर्ता घालून.

मी बघत राहिले. दुकानात निळे दिवे होते. अशा उजेडात रंग ठरवायचा नसतो. मी त्यांच्या बाहीला धरलं आणि म्हणाले, "उजेडात या."

त्यांना दाराशी ओढत आणलं, पायरीवर, उन्हात. बाही डोळ्याजवळ घेतली. मग दोन डोळ्यांनी आळीपाळीने बघितली.

"हा राखाडी नाही," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले.

"जांभळा आहे. फिका जांभळा. बाळंतविड्यातल्या झबल्याचा असतो तसा."

"हो. पहिल्या दिवसापासून."

"आणि हा घालून तुम्ही भाच्याच्या लग्नात फिरलात? पेन्शनच्या कामाला गेलात? सगळीकडे?"

"फिरलो की."

मला भावाची ती थाप आठवली. "कोणी काही म्हणालं नाही?"

"विचारायचे ना, हा कसला रंग म्हणून. मी सांगायचो, राखाडी."

"पण तुम्हाला दिसत होता ना जांभळा?"

"दिसत होता," ते म्हणाले. "पण तू राखाडी म्हणाली होतीस."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डोळ्यात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. आतून येणाऱ्या पाण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. मी ती बाही काही सोडली नाही.

आतून यवतमाळकरणीने हाक मारली, "काकू, मग कोणता देऊ बांधून?"

"काठाचा," मी म्हणाले.